दवाखाना की ॲप? वाद भलत्याच जागी अडकलाय

लैंगिक समस्येसाठी मदत घ्यायची तर ती खासगी तज्ज्ञाकडे घ्यावी की ऑनलाइन थेरपी प्लॅटफॉर्मवर, या वादात एक गोष्ट सतत खटकते. दोन्ही बाजू भांडतात ते जागेवरून. एक बाजू म्हणते, समोरासमोर बसल्याशिवाय थेरपी होतच नाही, ॲपवर चालतं ते नुसतं गप्पा मारणं. दुसरी बाजू म्हणते, तज्ज्ञाची खोली ही मूठभरांची चैन आहे; लाज, लांबचं अंतर आणि न परवडणारी फी यांत अडकलेल्या माणसाला फोन हाच आधार. गंमत म्हणजे दोघांनाही आपापलं माध्यम हेच औषध वाटतं. आणि ज्याला किंवा जिला खरोखर त्रास आहे, त्या माणसाच्या पदरी या भांडणातून एवढंच पडतं की एक पर्याय महाग आहे आणि दुसरा स्वस्त.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लैंगिक समस्येसाठी पैसे मोजायचेच असतील, तर ते या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या, नावानिशी ओळखता येणाऱ्या आणि तुमच्या केसची जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या माणसाला मोजावेत. तो माणूस खोलीत भेटतो की व्हिडिओवर, हे दुय्यम आहे. नोंदणी करा, आम्ही तुम्हाला साजेसा थेरपिस्ट जुळवून देतो, हवे तेव्हा मेसेज करा, असं सांगणारे मोठे प्लॅटफॉर्म ऑनलाइन आहेत म्हणून मी त्यांच्या विरोधात नाही. त्यांची घडणच अशी आहे की जबाबदारी कुणा एकाच्या अंगावर येत नाही, ही माझी तक्रार आहे. बाकीच्या आजारांत हे एक वेळ खपून जातं. इथे खपत नाही. का, ते पुढे येईलच.

ऑनलाइनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्या बाजूचे लोक क्वचितच मांडतात, म्हणून तो मीच मांडतो. लैंगिक थेरपीचा मुख्य भाग थेरपिस्टच्या खोलीत कधी घडतच नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांच्या जोडीनं १९७० मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपानं जगापुढे ठेवली. जोडप्यानं अमेरिकेतल्या सेंट लुईसला येऊन साधारण दोन आठवडे राहायचं, एक पुरुष आणि एक स्त्री अशा थेरपिस्टच्या जोडीला रोज भेटायचं, असा त्यांचा परिपाठ होता. पण खरं काम व्हायचं ते जोडपं मुक्कामाच्या जागी परतल्यावर. संभोगाला काही दिवस बंदी. एकमेकांना स्पर्श करायचा, पण त्यातून काही साधायचं नाही. पहिल्या टप्प्यात स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. आणि दुसऱ्या दिवशी येऊन काय जाणवलं ते सांगायचं. थेरपिस्टची जोडी आणि रोजची भेट या गोष्टी तेव्हा पद्धतीचा कणा मानल्या जात. काही वर्षांतच मनोविकारतज्ज्ञ हेलन सिंगर कॅप्लन यांनी एकच थेरपिस्ट आणि आठवड्यातून एक-दोन भेटी एवढ्यावर काम भागवून दाखवलं, आणि थेरपी काही कोसळली नाही. स्पर्शाचे ते अभ्यास आजही दिले जातात. थेरपिस्ट त्यात स्वतः हात लावत नाही. शारीरिक तपासणी लागली तर ती डॉक्टर करतात आणि ती वेगळी बाब. थेरपीच्या नावाखाली कुणी अंगाला हात लावू लागला तर तिथून तडक उठावं. मग गृहपाठ द्यायला, त्याचा आढावा घ्यायला, घोडं कुठे अडलं ते समजून घ्यायला चार भिंती कशाला हव्यात? समोरासमोरच बसायला हवं असा आग्रह धरणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही.

लाजेचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कित्येक माणसं जे तोंडानं उच्चारू शकत नाहीत ते टाइप करू शकतात. जोडीदार दुसऱ्या शहरात असतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तज्ज्ञाच्या दारातल्या पायऱ्या चढता येत नाहीत. समलिंगी माणसाला गावातला एकमेव समुपदेशक घरच्यांच्या ओळखीचा निघण्याची धास्ती असते. ‘मनाची तयारी असेल तर माणूस येतोच’ असं या सगळ्यांना ऐकवणं हे तज्ज्ञांच्या बाजूचं सगळ्यात निलाजरं वाक्य आहे.

शिवाय तज्ज्ञांची बाजू स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? सेक्स थेरपिस्ट ही पाटी अनेक देशांत कायद्यानं राखीवच नाही; दारावर ती लावायला कुणाला विचारावं लागत नाही. या विषयाइतके भोंदू दुसऱ्या कुठल्या विषयात सापडतील असं वाटत नाही, कारण इथे फसलेला माणूस तक्रार करत नाही, हे भोंदूला पक्कं ठाऊक असतं. आणि जे भोंदू नाहीत, त्यांनाही प्रत्येक तक्रारीत दीर्घ उपचारांची गरज दिसू लागते. जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्येच मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली, या विषयावर बोलायला मोकळीक देणं. दुसरी, मोजकी माहिती. तिसरी, नेमक्या सूचना. चौथी, सखोल थेरपी. पायरी चढत जावी तशी ती लागणाऱ्यांची संख्या कमी होत जाते, हा त्या मांडणीचा गाभा. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, इच्छा दोघांना एकाच वेळी एकसारखी होत नाही, मूल झाल्यावर काही महिने मन लागत नाही, एवढं कुणी भरवशाच्या माणसानं सांगितलं की पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो. त्याला महागडा तज्ज्ञ कशाला हवा? पहिल्या दोन पायऱ्या प्लॅटफॉर्मवरचा कुणीही समंजस समुपदेशक चढवून देईल, हे मला मान्य आहे.

अडचण तिसऱ्या पायरीपासून सुरू होते. आणि आपण कितव्या पायरीवर उभे आहोत हे त्रास होणाऱ्या माणसाला कळत नाही. ते कळण्यासाठीच तज्ज्ञ लागतो.

पहिल्या तासात तज्ज्ञ काय विचारतो ते पाहा. त्रास पहिल्यापासून आहे की मध्येच सुरू झाला? दर वेळी होतो की ठरावीक माणसासोबतच? एकटं असताना काय होतं? पहाटे जाग येते तेव्हा लिंगाला ताठरता असते का? दुखतं ते नेमकं कुठे, प्रवेशालाच की आत खोलवर? जळजळ होते की सगळं आवळून आल्यासारखं वाटतं? पाळीत योनीत घालायचा टॅम्पॉन घालता येतो का? पाळी कधी थांबली? कुठली औषधं चालू आहेत, आणि त्रास त्यांच्या आधीचा आहे की नंतरचा? मधुमेह? रक्तदाब? पोटाखालचं एखादं ऑपरेशन? हे प्रश्न ऐकताना अवघडायला होतं, पण त्यातला एकही चौकशीखातर विचारलेला नसतो. पहाटे ताठरता येते आणि जोडीदाराजवळ येत नाही, तर शोध बहुधा मनाच्या आणि नात्याच्या दिशेनं जातो. कधीच येत नसेल, तर आधी रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन्सकडे पाहावं लागतं. प्रवेशालाच दुखत असेल तर व्हजायनिस्मस (योनीचे स्नायू आपोआप आवळले जाणं), योनीमुखाच्या त्वचेचे विकार किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) डोक्यात ठेवावा लागतो. इच्छा अचानक आटली असेल तर नैराश्य असेल, आणि नैराश्यावरचं औषधही असेल. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा हा माहितीतला दुष्परिणाम आहे. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन हेसुद्धा इथेच येऊन त्रास देतात.

आता हीच तक्रार साध्या प्लॅटफॉर्मवर नेऊन पाहा. नोंदणीचा फॉर्म वय विचारतो, झोप विचारतो, मूड विचारतो, थेरपिस्ट पुरुष हवा की स्त्री ते विचारतो. समस्यांच्या यादीत ‘नातेसंबंध व जवळीक’ असा एक मोघम रकाना असतो, त्यावर टिचकी मारायची. मग जो थेरपिस्ट जुळतो तो चिंता, शोक, व्यसन, करिअर, जवळीक असं सगळंच पाहणारा असतो. बाई लिहितात, संबंधाच्या वेळी सहन होत नाही इतकं दुखतं. उत्तर येतं, हे शेअर करायला धैर्य लागतं, जोडीदाराशी मोकळेपणानं बोला, स्वतःवर दबाव आणू नका, श्वासाचा हा व्यायाम करून पाहा. यात चुकीचं एक अक्षर नाही, आणि उपयोगाचंही नाही. कुठे दुखतं, हेच कुणी विचारलेलं नाही. हा थेरपिस्ट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. तो या विषयात शिकलेला नाही आणि आपण शिकलेले नाही हे सांगून केस दुसरीकडे पाठवण्यात कुणाचाच फायदा नाही. प्लॅटफॉर्मची कमाई सब्स्क्रिप्शनवर चालते. ‘आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, मग आपण बोलू’ हे त्या बाईंसाठी सगळ्यात मोलाचं वाक्य, आणि धंद्याच्या हिशेबात नेमकं तेच ग्राहक गमावणं ठरतं.

खासगी तज्ज्ञालाही ग्राहक टिकवायचा असतोच की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्याच्या नावावर केस असते. तीन महिन्यांनी निदान चुकल्याचं निघालं तर बोट कुणाकडे दाखवायचं हे ठरलेलं असतं. प्लॅटफॉर्मवर थेरपिस्ट आवडला नाही तर एका टिचकीत बदला, ही सोय म्हणून खपवली जाते. सोय आहे खरीच. नको त्या माणसाच्या तावडीतून सुटायला ती चांगली. मात्र तिसऱ्या थेरपिस्टपर्यंत पोचलेल्या माणसाची संपूर्ण हकीकत आता नक्की कुणाला माहीत आहे?

माध्यमाचा आणि सचोटीचा संबंध किती थोडा असतो, हे पाहायला शंभर वर्षं मागे जाऊ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जॉन ब्रिंकली नावाचा डॉक्टर पुरुषांच्या अंगात बोकडाच्या वृषणाचे तुकडे बसवून पौरुष परत मिळवून देण्याचा दावा करत असे. त्याचं खासगी इस्पितळ होतं, म्हणजे समोरासमोरचा उपचार. शिवाय स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. श्रोते पत्रानं तक्रारी कळवायचे, तो त्या रेडिओवर वाचायचा आणि न पाहिलेल्या रुग्णाला अमुक नंबरचं औषध घ्या म्हणून सांगायचा. औषधं ठरावीक दुकानांत मिळायची आणि विक्रीतला वाटा ब्रिंकलीकडे जायचा. १९३० मध्ये त्याचा वैद्यकीय परवाना गेला आणि केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरणही नाकारलं गेलं.

त्याच काळात आपल्याकडे र. धों. कर्वे हेही दोन्ही माध्यमं वापरत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं, म्हणजे आजच्या भाषेत ही शुद्ध ऑनलाइन सेवा. कर्वे गणिताचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. तरीही त्यांचं उत्तर छापील होतं, त्याखाली उभा राहणारा संपादक ठाऊक होता, जाणकाराला ते खोडून काढता येत होतं. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, निकाल विरोधात गेला आणि दंड कर्व्यांनी भरला. उत्तराची किंमत मोजणारा माणूस तिथे हजर होता. खोली आणि दूरसंवाद ही दोन्ही साधनं ब्रिंकलीकडेही होती आणि कर्व्यांकडेही होती. एक दोन्हीकडे लुबाडत होता, दुसरा दोन्हीकडे सरळ वागत होता. मग आजच्या वादात साधनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काय हाती लागणार?

ब्रिंकलीचा तो विक्रीतला वाटा आज परतलाय. सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, १९९८ मध्ये मान्यता मिळाली, आणि ताठरतेच्या समस्येवर खरोखर काम करणारी गोळी आली ही मोठीच गोष्ट झाली. पण फॉर्म भरा, आमचे डॉक्टर पाहतील, गोळी घरपोच येईल, अशा सेवेत तपासणाऱ्याचं पोट विक्रीवर असतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यानं ही गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक इतका खाली येऊ शकतो. हा प्रश्न फॉर्मवर असतोही, पण आपण घेतो त्या गोळीत नायट्रेट आहे हे किती जणांना ठाऊक असतं? त्याहून महत्त्वाचं, ताठरतेची अडचण ही हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक, त्यामुळे तिथला अडथळा काही वर्षं आधी जाणवू शकतो. गोळीनं काम भागलं की ती सूचना विरून जाते.

गोपनीयतेबद्दल दोन्ही बाजू भलत्याच निर्धास्त आहेत. ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी प्लॅटफॉर्मवर आरोप ठेवला की ग्राहकांचे ईमेल आणि आरोग्याविषयीची माहिती त्यानं जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना पुरवली. कंपनीनं चूक कबूल केली नाही, ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हे उदाहरण फेकून क्लिनिकवाले खूश होतात. त्यांनी फिनलंडकडेही पाहावं. वास्तामो ही तिथली मानसोपचार केंद्रांची खासगी साखळी, खऱ्याखुऱ्या खोल्या असलेली. तिच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोरानं थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून खंडणी मागितली. बळी पडले सुमारे ३३,००० जण. भिंतींनी काहीच वाचवलं नाही, कारण खोलीत बोललेलं शेवटी संगणकातच गेलं होतं. फरक उरतो तो वेगळाच. तोंडी बोलून होणाऱ्या थेरपीत नोंद किती ठेवायची हे तज्ज्ञ ठरवतो, आणि ‘नावं आणि तपशील लिहू नका’ असं आपण त्याला सांगू शकतो. मेसेजवरच्या थेरपीत आपलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं साठतं, कारण तिथे थेरपी म्हणजेच तो मजकूर. लैंगिक आयुष्याबद्दल लिहिताना हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट स्क्रीनच्या पलीकडची. जोडप्यात जबरदस्ती होत असेल तर अनुभवी थेरपिस्ट दोघांना वेगवेगळं भेटतो. घरून व्हिडिओवर बोलणारी बाई खरंच एकटी आहे की कॅमेऱ्याच्या बाजूला कुणी बसलंय, हे त्याला खात्रीनं कळत नाही. इथे क्लिनिकचा विजय निर्विवाद आहे, आणि मी तो आनंदानं देतो.

राहता राहिला तो नेहमीचा युक्तिवाद, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. एकटेपणासाठी, ताणासाठी, नुसतं कुणाशी बोलण्यासाठी हे खरं आहे. दुखण्यासाठी खरं नाही. व्हजायनिस्मसवर चांगले उपचार आहेत, बहुतेकींना गुण येतो. अर्धवट समुपदेशनात वर्ष गेलं की दुखण्याची भीती आणखी घट्ट होते, स्नायू आणखी आवळतात. पैसे जातात ते जातातच, वर ‘थेरपी करून पाहिली, माझ्यावर लागू पडत नाही’ हा निष्कर्ष पदरी पडतो. अशी व्यक्ती पुढे खऱ्या तज्ज्ञाकडे जाण्याची शक्यता वाढते की घटते?

म्हणून परवडत नाही किंवा जवळ कुणी नाही अशांना मी ॲपपासून दूर राहा म्हणणार नाही. क्रम मात्र बदलावा. आधी साध्या डॉक्टरकडून तपासणी, ती जवळपास कुठेही होते. मग तज्ज्ञाच्या दोन-तीन भेटी, व्हिडिओवर का होईना, निदान आणि आराखड्यापुरत्या. त्यानंतरचा नेटानं करायचा भाग, मनातली भीती, जोडीदाराशी बोलणं, हे प्लॅटफॉर्मवरच्या समुपदेशकाबरोबर खुशाल करावं, आराखडा त्याच्या हातात देऊन. बरेच लोक याच्या बरोबर उलट करतात, ॲपवर वर्ष घालवून थकल्यावर तज्ज्ञाकडे जातात, आणि खर्चाची बेरीज तिथेच फुगते.

नियमनाचा प्रश्न याहून अवघड आहे. ब्रिंकलीचं केंद्र बंद झालं तेव्हा तो गप्प बसला नाही. त्यानं सीमेपलीकडे मेक्सिकोत आणखी ताकदवान केंद्र उभारलं, आणि त्याचा आवाज पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत ऐकू येत राहिला. आज रुग्ण एका देशात, थेरपिस्टचा परवाना दुसऱ्या देशातला आणि कंपनी तिसऱ्याच देशात नोंदलेली, हे सहज घडतं. निदान चुकलं किंवा थेरपिस्टनं मर्यादा ओलांडली, तर तक्रार कुठे करायची? कंपनी म्हणणार, आम्ही फक्त जुळवून देतो, थेरपिस्ट स्वतंत्र आहेत. थेरपिस्टचं मंडळ म्हणणार, रुग्ण आमच्या हद्दीतला नाही. थेरपिस्टचं पूर्ण नाव, लैंगिक समस्यांमधलं त्याचं प्रशिक्षण, त्याचा परवाना कुठला आणि तक्रार ऐकणारी संस्था कुठली, या चार ओळी पैसे भरण्याच्या बटणाच्या वर दाखवायला प्लॅटफॉर्मना भाग पाडणं अवघड नाही. हीच सक्ती खासगी तज्ज्ञाच्या पाटीलाही लावावी. ॲपवाले आणि क्लिनिकवाले यांपैकी कोण याला आधी विरोध करतं ते पाहण्यासारखं असेल.